चर्चा: घरकुलं हद्दीबाहेर किती दिवस? सोलापुरात परवडणारी घरं शहराच्या आत बांधा

पूर्वभागकर
प्रधानमंत्री आवास योजनेचा (शहरी) दुसरा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. सोलापुरात त्याचा विषय निघाला की सगळे आकड्यावर येतात, किती घरं मंजूर, किती बाकी. घरं कुठे होणार, हे आधी ठरलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे गरिबांच्या मोठ्या वसाहती कुंभारीलाच झाल्या. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीची १० हजार घरं, मग रे नगरची ३० हजारांची योजना. त्यातल्या १५ हजार घरांचं जानेवारी २०२४ मध्ये लोकार्पण झालं. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी ही घरं लढून घेतली, त्याला माझा सलाम आहे. पण कुंभारी महापालिकेच्या हद्दीत येत नाही. माणूस तिकडे गेला, काम इकडेच राहिलं. यंत्रमाग साखर पेठेत आणि नीलम नगरात, धुणीभांडी होटगी रोड आणि जुळे सोलापूरला. रात्रपाळी सुटलेल्या कामगाराला त्या वेळी बस नाही, शेअर रिक्षाला रोजचे पैसे, म्हणजे मजुरीतला तुकडा गेलाच.

हे शहर गिरण्यांनी वाढवलं. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. भोंगा झाल्यावर चालत पोचता येईल अशा चाळी तेव्हा होत्या. आज सरकारी आणि पालिकेच्या पडीक जागांवर तसंच करा, आणि त्यातली काही घरं भाड्याने द्यायला ठेवा. नव्या टप्प्यात भाड्याच्या घरांची तरतूद आहे.

विडीघरकुलची लेक
तुमचा सलाम पोचला, पण म्हणणं पटत नाही. माझी आई विडी वळायची. शहरात दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही पाच जण. पानं भिजवायलाही मालकिणीच्या नळाचं पाणी मागून घ्यावं लागायचं, आणि सोलापूरचं पाणी काही रोज येत नाही. सूप मांडीवर घेऊन आई बसली की आम्हाला अभ्यासाला उंबऱ्यावर जावं लागे. दर दोन वर्षांनी खोली बदला, नव्या मालकाचं डिपॉझिट भरा. कुंभारीचं घर मिळालं तेव्हा आईच्या नावाचा कागद घरात पहिल्यांदा आला.

शहरात जागा निघेल म्हणून थांबलो असतो तर आजही थांबलेलो असतो. सुरुवातीला तयार विड्या द्यायला टेम्पोने जावं लागायचं, हाल झाले, मान्य. पण वस्ती मोठी झाली तशी विडी कारखान्याची ब्रँच, म्हणजे तयार विड्या घेणारं केंद्र, आमच्याकडे आली. आणि अक्कलकोट रोडची एमआयडीसी आम्हाला वाटेतच आहे, तेही लिहा की. भाड्याच्या घरांचं कौतुक आम्हाला सांगू नका. भाड्यातून सुटायलाच बायका मोर्च्याला गेल्या होत्या.

साइटवरचा इंजिनिअर
दोघंही पैशांचं बोलत नाही. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक, असं अडीच लाख अनुदान. घर ३० चौरस मीटरच्या आसपास. बाकीची रक्कम लाभार्थ्याने कर्ज काढून भरायची. जमीन स्वस्त असेल तरच हा हिशोब बसतो. शहरातल्या मुरारजी पेठेच्या दराने जमीन धरली तर हप्ता विडी कामगाराला झेपणार नाही. शहरात बांधायचं तर चार-पाच मजले चढवावे लागतील. मग लिफ्ट, पंप, देखभालीचा खर्च दरमहा कोण भरणार?

पूर्वभागकर
म्हणूनच जमीन सरकारने द्यावी म्हणतो, बाजारातून घ्यायची नाहीच. दुसरा मार्गही आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या प्रकल्पात २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायची सक्ती आहे, पण ती १० लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांना. २०११ च्या जनगणनेत सोलापूर ९ लाख ५१ हजार. म्हणजे इतक्या वर्षांपूर्वीच्या मोजणीवर आपण नियमातून सुटलो. सक्ती नसली तरी शासनाकडे मागणी करायला काय हरकत आहे?

साइटवरचा इंजिनिअर
हरकत आहे. पुण्यात उरलेल्या ८० टक्क्यांतून बिल्डर भरपाई करतो. इथे तरुण पोरं शिकून पुण्याला जातात, महागडे फ्लॅट घ्यायला गिऱ्हाईक थोडं. सक्ती केली तर ४ हजार मीटरच्या आतले तुकडे पाडून प्रकल्प होतील आणि तुमच्या हाती एकही घर लागणार नाही. जुळे सोलापूरला लहान प्लॉटवर काम करणारेच जास्त आहेत, मी रोज बघतो.

गुंठेवारीवाला
नवीन वसाहतीचंच बोलणं चाललंय. स्वतःच्या जागेवर घर बांधायलाही अनुदान आहे, पण जागेचा उतारा नावावर पाहिजे. आमच्या उताऱ्यावर आजोबा, खाली वारस सहा, दोघे भिवंडीला. वारसनोंदीला एक वर्ष गेलं. मग परवाना. पाया झाला, पहिला हप्ता आला. लिंटेलपर्यंत भिंती नेल्या तेव्हा पुढचा हप्ता अडकला, फोटो परत काढायला सांगितला. स्लॅबला सावकाराचे पैसे घेतले. हद्दवाढीत १९९२ ला आलेल्या भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आधी यांचे कागद करून द्या. जमीन विकत घ्यायची नाही, कामाची जागा सोडायची नाही.

पूर्वभागकर
याला माझा पूर्ण पाठिंबा. वॉर्डात शिबिर लावून वारसनोंद आणि परवाना एकाच ठिकाणी झाला पाहिजे. पण ज्याच्याकडे उताराच नाही, त्या झोपडीतल्या माणसाचं काय? त्याच्यासाठी भाड्याचं घर हवंच. यंत्रमागावर तेलंगणातून, कर्नाटकातून माणूस येतो, त्याला आल्या आल्या मालकीचं घर कोण देणार?

विडीघरकुलची लेक
बाहेरून आलेल्यांसाठी भाड्याचं घर असू दे, त्याला ना नाही. पण त्याच्या नावाखाली आमच्या मालकी घरांचा पैसा वळवू नका. कुंभारीला शाळा, दवाखाना आणि पाळीच्या वेळेला बस द्या, त्याला नवीन जमीन लागत नाही. आणि शहरात पडीक जागा आहेत म्हणता ना, मग गट नंबर, क्षेत्र आणि कोणाच्या नावावर आहे ते इथे लिहा. यादी खरी निघाली तर निवेदनावर पहिली सही माझी.