मदत हवी आहे : नौदलातल्या डॉक्टरांची १९४५ ची मोडी डायरी, नावं लागत नाहीत

नमस्कार मंडळी,

माझ्या सासऱ्यांचे काका दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या जहाजावर डॉक्टर होते. नौपाड्यातलं घर पुनर्विकासाला गेलं, तेव्हा माळ्यावरच्या सामानात त्यांची डायरी निघाली. खिशात मावेल एवढीच आहे आणि जानेवारी-फेब्रुवारीचीच पानं भरलेली. औषधं आणि काही आद्याक्षरं रोमन लिपीत, बाकी सगळं मोडीत. कुणाला वाचता येऊ नये म्हणून मोडी, असं घरात सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. हाताला सवय होती, एवढंच.

मला मोडी कामापुरती येते. वाक्यं लागतात, नावांशी गाडी अडते. मोडी वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: आधी सलग रेघ, मग तिच्याखाली अक्षरं, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, अनुस्वार मर्जीवर. 'पेशंटला ताप होता' हे अंदाजाने लागतं. माणसाच्या किंवा गावाच्या नावाला अंदाज कुठला लावणार?

थोडंफार लागलंय. 'कागाव' हा शब्द पानोपानी येतो. सासरे इतकी वर्षं ते म्हसळ्याकडचं एखादं खेडं समजत होते. अनुस्वार देऊन बघितला आणि आराकानचा नकाशा उघडला, तर ते ब्रह्मदेशातलं कांगाव! २२ जानेवारी १९४५ ला तिथे कमांडो उतरले. आपल्या नौदलाच्या 'नर्बदा' आणि 'जमना' या जहाजांनी खाडीत शिरून तोफा डागल्या होत्या. काका 'जमना'वर होते. 'रामरी' हे तिथलंच बेट, ते सरळ लागलं. एके ठिकाणी 'थोरात' आहे, ते २/२ पंजाब पलटणीचे शंकरराव थोरातच असणार. कांगावच्या लढाईत त्यांना डीएसओ हे शौर्यपदक मिळालं होतं. सासरे त्या दिवशी भलतेच खुशीत होते.

आता अडलंय ते सांगते. मदतनीस म्हणून एका मुलाचा उल्लेख सारखा येतो. त्याच्याबद्दल लिहिलंय, 'कोकणावरून आलेला, हात हलका आहे'. नाव कुठेच नाही. हा कोकणातला कुणी, की आणखी काही?

दुसरं म्हणजे ३० जानेवारीचं पान. आजाऱ्यांची यादी आहे. तीन नावांच्या आधी रोमन लिपीत 'ए. बी.' आहे. तिघांचीही आद्याक्षरं तीच? भाऊभाऊ होते की काय! काही नावांच्या नंतर 'बी. टी.', आणि एकाच्या नंतर 'एम. टी.'. या एम. टी. वाल्याच्या ओळीत पुढे आहे, 'पहाटे गेला. घरी कळवणे.' बाकीच्या कामांवर काकांनी झाल्याची काट मारली आहे, याच्यावर नाही. आडनाव मला 'परकार' वाटतं, पण काना पहिल्या अक्षराला की तिसऱ्याला ते कळत नाही, म्हणजे 'पारकर'ही असेल. गावाचं नाव दाभोळ किंवा दापोली. शाई फुटली आहे.

मला हे एक नाव नक्की करायचं आहे. फोटो खाली दिला आहे. जाणकारांनी कृपया बघावं.
— नौपाडकरीण

प्रतिसाद : जुना_कंपाउंडर

ताई, ही नावाची आद्याक्षरं नव्हेत. बी. टी. म्हणजे बिनाइन टर्शियन, एम. टी. म्हणजे मॅलिग्नंट टर्शियन. दोन्ही मलेरियाचेच प्रकार, जुन्या डॉक्टरांच्या केसपेपरवर असंच लिहिलेलं असायचं. बी. टी. चा रोगी बहुधा उठून बसायचा. एम. टी. मेंदूवर गेला की माणूस हाती लागत नसे. म्हणजे तुमचा हा माणूस गोळीने नाही, तापाने गेला. औषधांत 'मेपाक्रिन' हे मलेरियावरचं औषध दिसतंय का बघा. त्या गोळ्यांनी कातडी पिवळी पडायची.

प्रतिसाद : खाडीकिनारी

आणि ए. बी. म्हणजे एबल सीमन. खलाशाचा हुद्दा, नावाच्या आधी लिहितात. भाऊबीऊ काही नाहीत. यावरून एक मात्र ठरलं की, एम. टी. वाल्याच्या आधी ए. बी. असेल तर तो नौदलाचा, थोरातांच्या पलटणीतला जवान नव्हे. त्या काळी नौदलात रत्नागिरी जिल्ह्यातली, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतली मुलं खूप असत, म्हणून 'परकार' मला जास्त पटतं.

'कोकणावरून' बद्दल : आपण गावाहून 'कोकणातून' येतो, 'वरून' येतो तो जहाजावरून. 'कोकण' नावाचं सुरुंग काढणारं जहाज होतं आपल्या नौदलात. 'काठियावाड', 'माळवा' अशीही होती. मुलगा तिथून बदलून आला असणार.

युद्धात गेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. आराकानातल्या आक्याब बंदराची थडगी पुढे रंगूनजवळ टॉक्यानला हलवली, ती यादी बघा. थडगं नसलेल्या नौसैनिकांची नावं मुंबई-चितगाव स्मारकाच्या नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात असते. इंग्रजीत परकार आणि पारकर यांचं स्पेलिंग बहुतेक एकच होतं, त्यामुळे काना सध्या बाजूला ठेवा. तारीख धरून शोधा, वडिलांचं नाव मिळालं की आडनाव आपोआप सुटेल.

प्रतिसाद : नौपाडकरीण

दोघांचेही मनापासून आभार. मेपाक्रिन आहे, पानभर आहे! आणि हो, एम. टी. वाल्याच्या आधी ए. बी. आहेच. आता तारीख धरून शोधते. गावाचं नाव मात्र अजून हवं आहे, कारण घर शोधायचं तर तिथूनच सुरुवात होणार. उद्या उजेडात, तिरका प्रकाश टाकून त्या ओळीचा मोठा फोटो चढवते. दाभोळ-दापोलीकडचं कुणी इथे असेल तर आधी त्यांनी बघावं. आणि चांगली मोडी येणारं कुणी ठाण्यात असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डायरी घेऊन मी येईन.