आडव्या बाटलीच्या मतदानासाठी मार्गदर्शन हवे आहे
नमस्कार. आमच्या गावातील परवानाधारक देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून बचत गटाच्या महिला सह्या गोळा करीत असून, मागणीसाठी लागणाऱ्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या लवकरच पूर्ण होतील. खरी चिंता मतदानाची आहे, कारण आडव्या बाटलीला (मतपत्रिकेवरील दुकान बंद करण्याच्या चिन्हाला) झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या ५० टक्क्यांहून अधिक मते लागतात, आणि आमच्या निम्म्या बायका दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेल्या की यादीपुरत्याच गावात उरतात. परवा अंगठा उमटवताना एका आजींनी, "मतदान गुढीपाडव्यानंतरच ठेवा," असे बजावलेच. ज्यांनी ही प्रक्रिया पार पाडली आहे, त्यांनी सोयीची तारीख कशी मिळवली, मयत व सासरी गेलेल्या महिलांची नावे यादीतून वेळेत कशी वगळून घेतली आणि वस्त्यांवर स्वयंसेवक कसे नेमले, हे कृपया सविस्तर कळवावे.