पुण्यात इन्व्हर्टर कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी

मृण्मयी, धायरी

काल अभिने इथे लिहिलं की पुण्यात इन्व्हर्टर बसवणं म्हणजे वीस-पंचवीस हजार पाण्यात, वर्षातनं मोजून चार वेळा लाईट जाते, सोसायटीला जनरेटर असतो, मोबाईलला पॉवर बँक पुरते, आणि ज्यांच्या घरात अजून तो डबा आहे ती माणसं लोडशेडिंगच्या काळातच राहिलीत. खाली अंगठ्यांची रांग. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय, लांबेल, वाचायचं तर वाचा.

माझे बाबा शेवटचं दीड वर्ष ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने देणारं, मिनिटाला पाच लिटरचं मशीन, साधारण 350 वॉट, दिवसरात्र चालू. आमची बिल्डिंग चार मजल्यांची, जनरेटर नाही. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, गुलमोहराची फांदी तारांवर पडली आणि संध्याकाळी सहाला लाईट गेली. इन्व्हर्टर होता. 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती वीज साठते तो आकडा) ट्युब्युलर बॅटरी, शिशाची, अधूनमधून डिस्टिल्ड पाणी घालावं लागणारी, देताना दुकानदार म्हणाला होता की ताई, सहा तास बघायला नको. पंचवीस मिनिटांत टीं-टीं सुरू झालं आणि मग मशीनचा तो एक लांब आवाज. सिलेंडर होता घरात, पण त्याची चावी ड्रॉवरमध्ये सापडेना, आणि बाबांनी काय करावं, नाकातली नळी काढून नीट गुंडाळून उशीशी ठेवली, म्हणजे मी घाबरू नये. चावी सापडली. त्या दिवशी निभावलं.

नंतर बॅटरी उघडून बघितली तर सहाही इंडिकेटर तळाला. दोन वर्षं कोणी पाणी घातलं नव्हतं, प्लेटा उघड्या पडलेल्या. आणि नवी असती तरी सहा तास चाललीच नसती. 12 व्होल्ट गुणिले 150 म्हणजे 1800 वॉट-अवर हे कागदावर. तो 150 चा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश उतरवली तरचा, म्हणजे साडेसात अँपिअरने. 350 वॉटला इन्व्हर्टरचा लॉस धरून चौतीस-पस्तीस अँपिअर ओढले जातात, तेवढ्या जोरात ओढलं की तीच बॅटरी 110 च्या आसपासच देते, म्हणजे नवी कोरी असताना तीन तास. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

तर अभि, लाईट वर्षातनं किती वेळा जाते ते कशाला मोजायचं? गेली तेव्हा घरात काय चालू होतं ते मोजा.

अभि, बाणेर

बाबांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. अशा घरात बॅकअप हवाच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण माझी पोस्ट बाकीच्या घरांबद्दल होती. माझ्या सासऱ्यांकडे दोन बॅटऱ्यांचा सेट आहे, कशासाठी, तर टीव्ही आणि दोन पंखे. दर पाच वर्षांनी नवीन बॅटऱ्या, आणि तो डबा रिकामा बसला तरी चोवीस तास थोडी वीज खातोच. ह्याला खर्च नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

नानाकाका, कर्वेनगर

अभि, तू तेव्हा शाळेत असशील. 2005 ला इथे रोज तासन्‌तास लाईट जायची. मग 2006 ला कारखान्यांचे स्वतःचे जनरेटर चालवून, त्याचा जादा आकार आपल्या बिलात लावून पुणं भारनियमनमुक्त केलं, सगळ्या राज्यात तेव्हा पुणे मॉडेल म्हणून बोललं जायचं. तेव्हापासून पुणेकराला वाटतं की लाईट हा आपला जन्मसिद्ध हक्क. गुरुवारी दुरुस्तीला बंद ठेवतात तेव्हा काय करतोस? मी सत्तरीला आलोय, मे महिन्यात दुपारी पंखा नसला तर माझा जीव कासावीस होतो. आजारी असायलाच पाहिजे असं काही नाही.

मृण्मयी, बॅटरीच्या पाण्याचं म्हणशील तर डिस्टिल्ड पाण्याचे डबे विकत आणायच्या भानगडीत पडू नकोस. एसीचा पाईप गॅलरीत सोडतात ना, त्याखाली स्वच्छ बाटली लाव. वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी, म्हणजे डिस्टिल्डच. मी अकरा वर्षं तेच घालतोय.

समीर, वायरिंगवाला

काका, नका हो असं सांगू लोकांना. कळकळीने सांगतो. हवेतनं पाणी शुद्धच सुटतं, पण ते ओघळतं कुठनं? ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरनं, तांब्याच्या नळ्यांवरनं, मग सहा महिने न धुतलेल्या ट्रेमधनं. धूळ, शेवाळ, धातूचा अंश, सगळं घेऊन येतं. तांबं आणि लोखंड बॅटरीत गेलं की ती नुसती ठेवली तरी आतल्या आत उतरत राहते.

बाकी मूळ विषयाला, बॅटरीइतकीच भानगड वायरिंगमध्ये असते. 700 वॉटचा लोड टाकला की बॅटरीच्या दोन वायरींतनं सत्तर अँपिअरच्या आसपास जातात. तिथे टर्मिनल ढिलं असेल तर आधी गरम होतं, मग वितळतं. आणि इन्व्हर्टरची फेज वेगळी ओढून न्यूट्रल मात्र घरातली कॉमन ठेवतात, मग आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, सारखी पडते आणि घरमालक म्हणतात हा स्विचच खराब, काढून टाका. काढू नका, त्यानेच जीव वाचतो. न्यूट्रल वेगळी ओढायला लावा.

नानाकाका, कर्वेनगर

अकरा वर्षं. एक बॅटरी सहा वर्षं चालली, दुसरीला पाच होत आली. डबा आणणाऱ्यांच्या किती चालतात ते सांगा. पुस्तकातलं नका सांगू.

गौरी, सिंहगड रोड

इन्व्हर्टरवाले निदान सुखी आहेत. आम्ही बंगल्यावर 3 किलोवॉटचं सोलर लावलं, केंद्राचं 78 हजारांचं अनुदानही मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण लावणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नाही की बाहेरची लाईट गेली की सोलरही बंद पडतं. भर दुपारी बारा वाजता ऊन रणरणतंय, छतावर पॅनेल तापलेत आणि मी घरात पुठ्ठ्याने वारा घेतेय. चौकशी केल्यावर कळलं की तसंच असावं लागतं, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरातनं शॉक बसेल. पटलं मला. पण मग हे आधी सांगायचं ना! बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घेतला असता मी. आता दुसऱ्यांदा खर्च.

अभि, बाणेर

गौरी, हेच म्हणतोय मी, विकणारे अर्धवट सांगतात आणि आपण विकत घेतो.

समीर, वायरिंगवाला

विकणारे अर्धवट सांगतात म्हणून वस्तू वाईट होत नाही. आणि तुमच्या जनरेटरचं सांगा. लाईट गेल्यापासून तो सुरू होऊन चेंजओव्हर व्हायला वीस-तीस सेकंद लागतात. तेवढ्यात कॉम्प्युटर बंद, राऊटर बंद. इन्व्हर्टर यूपीएस मोडला, म्हणजे क्षणात बॅटरीवर जाणाऱ्या सेटिंगला, ठेवला तर कळतही नाही लाईट गेल्याचं.

ओंकार, वाघोली

सगळे शिशाच्या बॅटरीवरच का भांडताय? लिथियम घ्या की. मी गेल्या वर्षी 100 एएचची लिथियम फेरो फॉस्फेट घेतली. पाणी नाही, ॲसिडचा वास नाही, दोन-तीन तासांत फुल चार्ज. ट्युब्युलरला दहा-बारा तास लागतात, तेवढ्यात परत लाईट गेली की बसा.

नानाकाका, कर्वेनगर

लिथियम पेट घेतं. स्कूटर जळालेल्या पाहिल्या नाहीत का टीव्हीवर?

ओंकार, वाघोली

काका, घरच्या बॅटरीत लोखंड-फॉस्फेटवाली केमिस्ट्री असते, मोबाईलमध्ये बहुतेक कोबाल्टवाली. फॉस्फेटवाली तापायला खूप सहन करते. धोका शून्य असं मी म्हणत नाही, पण दोन्ही एकाच तराजूत नका घालू. फक्त जुन्या इन्व्हर्टरला तशीच लावू नका, ट्युब्युलरचं चार्जिंग सेटिंग वेगळं असतं, आधी विचारून घ्या.

मृण्मयी, धायरी

मी लिथियमचाही विचार केला होता, तेव्हा जवळजवळ दुप्पट पैसे पडत होते आणि हॉस्पिटलची बिलं चालू होती. सगळ्यांना नाही जमत एकदम.

काका, तुमच्या पाण्याचं मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण आईकडे अजून तीच सिस्टीम आहे.

नानाकाका, कर्वेनगर

मग ऐक. आत्ताच मुलाचा टीडीएस मीटर, पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा, घेऊन मोजलं. नळाचं पाणी 92. एसीचं 17. दुकानातल्या डब्याचं 3. सतरा आणि तीन, काय मोठा फरक आहे?

डॉ. विद्या, सहकारनगर

मी रसायनशास्त्र शिकवलंय बत्तीस वर्षं, आता राहवत नाही. टीडीएस मीटर पाण्यातनं वीज किती वाहते एवढंच बघतो आणि त्यावरनं आकडा दाखवतो. त्या सतरामध्ये मीठ आहे की लोखंड आहे की तांबं, हे त्याला कळत नाही. बॅटरीच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 1069, त्यात लोखंड किती चालेल, क्लोराइड किती चालेल हे वेगवेगळं दिलंय, कारण प्रत्येकाचा उपद्रव वेगळा. शिवाय हे साठत जातं. चार्जिंगमध्ये पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, त्यातली घाण मात्र खालीच राहते. म्हणजे अकरा वर्षं... बरं, दोन बॅटऱ्या धरू, प्रत्येकीत पाच-सहा वर्षांचे सतरा-सतरा जमा झालेत.

आणि तो हायड्रोजन उडतो, ठिणगीने पेटतो, म्हणून बॅटरी देवघराखालच्या बंद कपाटात ठेवू नका. वर समई, खाली बॅटरी, हे मी स्वतः एका घरी पाहिलंय आणि त्यांना तिथल्या तिथे काढायला लावलंय.

नानाकाका, कर्वेनगर

मॅडम, तुमचा मान राखून सांगतो, पेन्शनीत बसवायचं असतं सगळं. डब्याला शंभर-सव्वाशे रुपये जातात.

समीर, वायरिंगवाला

काका, वर्षाला दोन डबे. बॅटरी पंधरा हजारांची. हिशोब तुम्हीच करा की. तुम्ही बँकेत होतात ना?

नानाकाका, कर्वेनगर

बँकेचं मध्ये आणू नका. वयाचा तरी मान ठेवा.

समीर, वायरिंगवाला

चुकलं, तसं म्हणायचं नव्हतं. पण काका, तपकीर गल्लीत दीडशे-दोनशेला हायड्रोमीटर मिळतो. बॅटरी फुल चार्ज करा, रात्री नऊला बंद करून अर्धा तास थांबा आणि त्याने सहाही सेलची ग्रॅव्हिटी बघा, म्हणजे पाणी 1000 धरून आतलं ॲसिड किती दाट ते. सगळीकडे 1240 च्या आसपास आली तर मी इथे जाहीर माफी मागतो आणि माझ्याही बॅटरीत एसीचं पाणी घालतो.

अभि, बाणेर

इन्व्हर्टर हवा की नको हा विषय होता आणि इथे एसीच्या ट्रेवर रात्रीचे अकरा वाजले. असो. मृण्मयी, एक कबूल करतो. पॉवर बँकेचं मी लिहिलं ते माझ्या घरापुरतं खरं होतं, सगळ्यांसाठी लिहायला नको होतं. तेवढी ओळ काढतो पोस्टमधनं. दोन बॅटऱ्यांवर टीव्ही बघण्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

मृण्मयी, धायरी

चालेल. सासऱ्यांना सांगा, आधी पंखे बीएलडीसी करा. जुना पंखा 75 वॉट खातो, हा तीसच्या आसपास. दुसऱ्या बॅटरीची गरज उरणार नाही कदाचित.

नानाकाका, कर्वेनगर

शेजाऱ्यांकडे हायड्रोमीटर निघाला, तेव्हा पाहिलं. चार सेल 1230-1240. एक 1210. भिंतीकडचा एक 1170. दोनदा घेतलं, 1170 च.

समीर, वायरिंगवाला

काका, तो सेल खराब होत चाललाय. लगेच बॅटरी बदलू नका, आधी डिस्टिल्डने लेव्हल करा, पूर्ण चार्ज द्या, आठवड्याने परत बघा. ॲसिड अजिबात घालू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. मी रविवारी कर्वेनगरला आहे, येऊ का बघायला? पैसे नकोत.

नानाकाका, कर्वेनगर

पाच वर्षांत एखादा सेल जायचाच, पाण्यामुळेच गेला असं मी मानत नाही.

ये रविवारी. दहाच्या नंतर ये. आणि येताना एक डबा घेऊन ये, पैसे देईन.