युरोपला दोघंच जायलोय, काय काय चुकू शकतं ते मोकळेपणानं सांगा

टॉवेलवाला_सोलापूर:

नमस्कार मंडळी. येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला 25 वर्षं होतायत. घरचा टॉवेलचा कारखाना, त्यामुळं आजपर्यंत सुट्टी म्हणजे तुळजापूर, पंढरपूर आणि एकदा उटी, बास. बायको शाळेत भूगोल शिकवते, गेली वीस वर्षं फळ्यावर आल्प्स काढून दाखवायली पण बर्फ तिनं स्वतः एकदाही हातात घेतलेला नाही, म्हणून ह्या वेळी ठरवलंच की काहीही झालं तरी जायचं.

प्लॅन असा आहे की 1 मेला सकाळी पॅरिसला उतरायचं, तिथं 4 रात्री, मग रेल्वेनं स्वित्झर्लंडला इंटरलाकेन 4 रात्री, व्हेनिस 2, रोम 3 आणि रोमवरून परत. टूर कंपनी नको म्हणली ती, पळापळ होती म्हणून. इंग्रजी माझं कामापुरतं आहे, तिचं चांगलं आहे. दोघांचे पासपोर्ट, कार्डं, युरो, तिकिटं सगळं मी एका पाऊचमध्ये कमरेला बांधून ठेवणार, तिला त्या कटकटीत घालायचंच नाही. व्हिसा फ्रान्सचाच काढायचा ना, पहिल्यांदा तिथं उतरायलोय म्हणून?

जे जाऊन आलेत त्यांनी नुसतं चांगलं चांगलं सांगू नका. काय बिघडलं, कुठं अडकलात, ते सांगा. रात्री झोप लागंना झालीय विचार करून.

जुळेसोलापूरची:

दादा, आधी वहिनींना आणि तुम्हाला खूप शुभेच्छा. तुमचं पाऊचचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून एवढं मोठं लिहायलेय, कारण आमच्याकडं पण अगदी असंच होतं, सगळं ह्यांच्याकडं.

2023 चा जून. आम्ही उलट्या बाजूनं गेलो होतो, आधी इटली मग स्वित्झर्लंड. इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून लाउटरब्रुनेनला जायचं होतं, हॉटेल तिथं होतं. गाडी लागली, गर्दी लय, एक मोठा ग्रुप मध्येच घुसला. हे म्हणले मी बॅगा घेऊन इकडून चढतो, तू पुढं जाऊन जागा पकड. मी चढले, खिडकीची जागा मिळाली, मनात म्हणलं येतील आतून चालत. पण ती गाडी म्हणजे दोन गाड्या एकाला एक जोडलेल्या असतात, आतून जायला वाटच नाही, हे मला काय माहीत. त्स्वायलुचिनेन नावाचं छोटं स्टेशन येतं तिथं ती गाडी तुटते, एक भाग लाउटरब्रुनेनला जातो आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला. आपल्याकडं पूर्वी मुंबईवरून रात्रीची पॅसेंजर यायची आणि दौंडला तिचे शिर्डीचे डबे वेगळे व्हायचे, माझ्या माहेरची माणसं झोपायच्या आधी दहादा विचारायची की हा डबा नक्की सोलापूरचा ना. तेवढं माहीत असून मी तिथं विचारलं नाही.

गाडी थांबली, हिसका बसला, आणि मी खिडकीतून बघते तर दुसरा अर्धा भाग दुसऱ्याच रुळावरून निघालेला. पोटात गोळा आला हो. फोन काढला तर नेटवर्क नाही. सिम इटलीत घेतलं होतं, युरोपियन युनियनमध्ये सगळीकडं चालतं म्हणून सांगितलेलं, पण स्वित्झर्लंड त्या युनियनमध्ये नाही, त्यामुळं तिथलं रोमिंग वेगळं. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असतो तो एकच व्हिसा, तिथं चालतो म्हणून आपण धरून चालतो की सगळंच चालणार. माझा पासपोर्ट, तिकीट, पैसे सगळं ह्यांच्या कमरेला. माझ्या मांडीवर फक्त स्टीलचा डबा, त्यात शेंगा चटणी आणि कडक भाकरी.

तिकीट तपासायला एक बाई आल्या. मी नुसतं हजबंड, अदर ट्रेन एवढंच म्हणू शकले, घशातून आवाज निघंना. त्यांनी एक शब्द रागानं बोलल्या नाहीत. वहीतला कागद फाडला, परतीच्या गाडीची वेळ लिहिली, कुठं उतरायचं त्या स्टेशनचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. मी ग्रिंडेलवाल्डपर्यंत गेले, तीच गाडी परत घेतली आणि गाडी तुटली होती त्या स्टेशनवर येऊन बाकावर बसले. आणि हे तिकडं लाउटरब्रुनेनच्या प्लॅटफॉर्मवर उभे, मी पुढच्या गाडीनं येईन म्हणून. एक गाडी आली, दुसरी आली, मी नाही. शेवटी मला शोधायला ग्रिंडेलवाल्डला जायचं म्हणून निघाले आणि गाडी बदलायला माझ्यासमोरच उतरले. सगळं मिळून पावणेदोन तास गेले. तिथं दोन नद्या एक होतात, दोन्हीचं नाव लुचिनेच, एक काळी आणि एक पांढरी, त्यावरूनच त्या गावाचं नाव. ते पाणी तिथं एकत्र होताना बघत मी बसले होते. डब्याचं झाकण मी उघडलं सुद्धा नव्हतं. ह्यांनी आल्या आल्या तो डबा माझ्या हातातून घेतला आणि पहिल्यांदाच सगळ्यांसमोर माझा हात धरला, गाडी येईपर्यंत सोडलाच नाही.

लहानपणी सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आजोबा आत शिरायच्या आधीच सांगायचे, चुकामूक झाली तर इकडं तिकडं फिरायचं नाही, मला शेवटचं जिथं बघितलं तिथंच येऊन उभं राहायचं. एवढी साधी गोष्ट आम्ही दोघांनी घरून निघताना ठरवली नव्हती, म्हणून पावणेदोन तास, नाहीतर एवढा वेळ लागला नसता. तुम्ही इंटरलाकेनला चारच रात्री आहात पण ती गाडी तुम्हाला लागणारच, युंगफ्राउयोख ह्या वरच्या बर्फाच्या ठिकाणी जायला पण तोच मार्ग. डब्यावर आणि प्लॅटफॉर्मच्या बोर्डवर गावाचं नाव असतं, ते बघूनच चढा आणि दोघं एकाच दारातून चढा. आणि वहिनींचा पासपोर्ट, एक कार्ड, शंभर दीडशे युरो, स्वित्झर्लंडसाठी थोडे फ्रँक वहिनींकडंच द्या. कटकट म्हणून नाही, त्यांचा आधार म्हणून.

पार्कचौक:

टॉवेलवाले मालक, वरच्या ताईंना त्यांचा माणूस सापडला. आमचं पाऊच सापडलं नाही.

पॅरिसची मेट्रो, ट्रिपचा तिसरा दिवस. दारात चार पाच पोरं पोरी उभे होते, आत सरकायला जागाच देईनात, मागून धक्का, समोर कोण तरी नकाशा धरून काही विचारायलं, आणि दार बंद व्हायच्या सेकंदाला सगळे बाहेर उडी मारून पसार. पाऊच शर्टाच्या वरून बांधलं होतं, पट्टा कापलेला. दोघांचे पासपोर्ट, तिन्ही कार्डं, सगळे युरो. हॉटेलपर्यंत आम्ही चालत गेलो, दीड तास, बायकोच्या पायाला फोड, आणि हातात पाण्याची बाटली घ्यायला एक नाणं नाही.

पुढचं नीट वाचा कारण हे कोणी सांगत नाही. पोलिसात तक्रार लिहून घेतली, मग आपल्या दूतावासात गेलो, तिथल्या लोकांनी चांगली मदत केली, पण घाईत मिळतं ते इमर्जन्सी सर्टिफिकेट, ते फक्त भारतात परत जायला असतं, एकदाच. त्यावर पुढचे देश फिरता येत नाहीत. म्हणजे स्वित्झर्लंड इटलीचं सगळं बुकिंग तिथंच संपलं. मुलाकडं पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाचे फोटो व्हॉट्सॲपवर होते म्हणून निदान काम लवकर झालं. तुम्ही पण फोटो घरी ठेवून जा, आणि पासपोर्ट साइज फोटो चार चार वेगळ्या बॅगेत. पाऊच शर्टाच्या आत. तिकडं कुठंही अडचण आली तर 112 हा नंबर सगळ्या युरोपात चालतो.

मला आजही वाईट वाटतं ते पैशाचं नाही. ती परत येताना विमानात खिडकीकडं तोंड करून बसली होती, खाली आल्प्स दिसायला लागले तेव्हा मला हाक मारून दाखवले सुद्धा नाही.

नवीपेठवाला:

दोन्ही अनुभव वाचून अंगावर काटा आला. मी फक्त प्लॅनमधल्या चुका सांगतो.

व्हिसा फ्रान्सचा नाही, इटलीचा काढावा लागेल. नियम असा की ज्या देशात जास्त दिवस तिथला, आणि दिवस सारखे असतील तरच पहिल्यांदा जिथं प्रवेश तिथला. तुमच्या फ्रान्स 4, स्वित्झर्लंड 4 आणि व्हेनिस रोम मिळून इटली 5. हे चुकलं तर अर्ज परत येऊ शकतो. फी मोठ्या माणसाला 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा लागतो, बोटांचे ठसे द्यायला पुण्याला दोघांना जावं लागतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मार्चपर्यंत थांबू नका.

1 मेला पॅरिसमध्ये कामगार दिनाची सुट्टी, लूव्र संग्रहालय बंद असतं, मंगळवारी पण बंद. रोमला व्हॅटिकनचं संग्रहालय रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. सेंट पीटरच्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, वहिनी साडीत असतील तर प्रश्नच नाही.

व्हेनिसला मेस्त्रे स्टेशनवर उतरू नका, ते अलीकडं जमिनीवर आहे, म्हणजे सोलापूर म्हणून टिकेकरवाडीला उतरल्यासारखं. पाण्यातलं व्हेनिस म्हणजे सांता लुचिया, तिथंच गाडी संपते. आणि इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या. तिकीट काढलंय, पैसे भरलेत, तरी शिक्का नाही म्हणून माझ्या भावाला दंड बसला होता आणि चूक त्याचीच धरली गेली.

बाळीवेसकर:

माझं मत थोडं वेगळं. आई वडिलांना मी टूरबरोबरच पाठवलं आणि मला ते बरोबर वाटतं. सकाळी सहाला उठवतात, फोटो काढायला वीस मिनिटं देतात, हे खरं, पण रात्री वरण भात मिळतो आणि काही झालं तर मराठी बोलणारा एक माणूस सोबत असतो. ज्याला काळजीनं झोप लागंना त्यानं हा विचार जरूर करावा. पण वहिनींचं इंग्रजी चांगलं असेल तर मग त्यांनाच पुढं राहू द्या, विचारपूस त्यांनी करायची.

टॉवेलवाला_सोलापूर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मोबाइल तिच्या हातात दिला आणि सगळं वाचायला लावलं. त्स्वायलुचिनेनचं वाचून ती उठली, शाळेचा जुना अॅटलस काढला, त्यात ते गाव नाही सापडलं पण आरे नदी सापडली, म्हणली ह्या दोन्ही शेवटी हिलाच मिळतात. टूर नको म्हणून ती ठाम आहे. आज बाजारातून दोन पाऊच आणले, दोन्ही आतून बांधायचे. जिथं शेवटचं बघितलं तिथं थांबायचं, हे पण ठरलं. पॅरिसला 1 तारखेला नुसतं नदीकाठी फिरणार. इटलीचा अर्ज ह्याच आठवड्यात भरतो.

ताई, एकच विचारायचं राहिलं. डब्यात काय काय न्यायचं? आई पेढे आणि तूप बांधून देणार म्हणून बसलीय.

जुळेसोलापूरची:

पेढे, तूप, दुधाचं काहीच नका नेऊ, बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ आत न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मावशींना समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाईट वाटंल. शेंगा चटणी डबल पिशवीत घट्ट बांधा, तेल सुटतं. दशम्या चार दिवसांच्या पुढं टिकत नाहीत आणि त्यात दूध असतं, त्यापेक्षा कडक भाकरी न्या, सुती कापडात गुंडाळून बॅगेच्या मधोमध, वरून टॉवेल लावा म्हणजे तुकडे होत नाहीत. टॉवेल तर घरचेच आहेत. आणि डबा वहिनींकडं एक, तुमच्याकडं एक.