देवनागरी नावाच्या फोल्डरचं रिडायरेक्ट लागत नाही

डोंगरफिरस्ता: आमच्या ट्रेकच्या नोंदींची साइट आहे. साधी एचटीएमएल पानं, शेअर्ड होस्टिंग, सर्व्हर अपाची. बारा वर्षांपूर्वी हौसेनं फोल्डरची नावं देवनागरीत ठेवली, 'लेख' आणि 'डोंगरदऱ्या'. ती हौस आता व्हॉट्सअ‍ॅपवर नडते. 'लेख'च्या जागी टक्केचिन्हांच्या नऊ तुकड्यांची माळ उमटते, कोणीतरी ती अर्धीच कॉपी करतं आणि रात्री मला फोन. शेवटी दोन्ही नावं रोमन केली. जुन्या लिंका मरू नयेत म्हणून डॉट एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये रिडायरेक्ट ३०१ (जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्याकडे पाठवणं) लिहिलं, जुना पत्ता अ‍ॅड्रेस बारमधून टक्क्यांसकट उचलून. तरी ४०४, म्हणजे पान सापडत नाही. फाइल वाचली जातेय एवढं नक्की, मुद्दाम अगडमबगडम लिहिलं तर लगेच ५००, म्हणजे सर्व्हरची एरर, येतं.

पाटीपेन्सिल: काका, टक्के काढा. आलेला पत्ता अपाची आधी उलगडतो, त्याचं पुन्हा 'लेख' करतो आणि मग तुमच्या ओळीशी ताडतो. ओळीत टक्केच असतील तर जुळणार कसं? जुन्या बाजूला सरळ /लेख लिहा. फाइल यूटीएफ-८, पण बीओएम या फाइलच्या सुरुवातीच्या खुणेशिवाय सेव्ह करा. नाहीतर पहिल्या शब्दाआधी तीन न दिसणारे बाइट बसतात आणि अख्खी साइट ५००.

शेवटचा स्लॅश द्यायचा तर दोन्हीकडे द्या, नाहीतर कुठेच नको. फक्त जुन्याला दिलात तर पुढचं नाव नव्याला चिकटतं, 'लेख/१७'चं 'लेख१७' होतं. आणि चाचणी होईपर्यंत ३०२, म्हणजे तात्पुरतं रिडायरेक्ट, ठेवा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो.

डोंगरफिरस्ता: स्लॅशचं आधी सांगायला हवं होतंत, तेवढ्यात तो प्रताप करून झाला. असो, 'लेख' धावतंय! 'डोंगरदऱ्या' मात्र अडलंय. ओळ तशीच आहे, चष्मा लावून अक्षर न् अक्षर ताडलं.

उकारवेलांटी: चष्म्यानं दिसणार नाही ते. भानगड 'ऱ्या'ची आहे. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडक, मग य. पडद्यावर हुबेहूब तेच, सर्व्हरला वेगळे बाइट. व्हॉट्सअ‍ॅपवरची एखादी जुनी लिंक काढा आणि टक्क्यांत ई२, ८०, ८डी असे तीन तुकडे ओळीनं दिसतात का बघा. दिसले तर जोडकवालं नाव.

डोंगरफिरस्ता: दिसले! तेव्हाचा कीबोर्ड वेगळा होता, आता मोबाइलवर टाइप करून मेल केलेलं नाव चिकटवलं होतं. जुनी लिंक उलगडून तिच्यातलंच नाव टाकलं, चाललं. दुसऱ्या तऱ्हेचीही ओळ ठेवतो, कोणी हातानं टाइप केलं तर? माझ्या क्रोममध्ये काही पानं अजून त्या चिकटलेल्या पत्त्यावर जातात, इन्कॉग्निटोत बरोबर.

पाटीपेन्सिल: तो तुमचा जुना ३०१. कॅशे साफ करा, जाईल. बाकीच्यांनी त्या वेळात लिंक उघडली नसेल तर त्यांना काही त्रास नाही.

डोंगरफिरस्ता: मेहुण्यानं उघडली होती. सांगतो त्याला.