चार शहरं, आईचा गुडघा आणि रात्रीची झोप: राहायचं कुठे?

दोन_बॅगा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी मी आणि आई प्राग, व्हिएन्ना, बार्सिलोना आणि लिस्बन असा सतरा दिवसांचा प्रवास करतोय. प्रत्येक शहरात चार रात्री. तिकिटं झाली, व्हिसा झाला, घोडं अडलंय ते राहायच्या जागेपाशी.

आई 71 वर्षांची आहे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. सपाट रस्त्यावर ती दोन-अडीच किलोमीटर मजेत चालते. मध्ये टेकायला मिळालं तर आणखीही चालेल. चढापेक्षा उताराचा त्रास जास्त होतो. आणि झोप अगदी सावध. एकदा मोडली की पहाटेपर्यंत लागत नाही.

मागच्या सहलीत मी ‘एकदम मध्यवर्ती, सगळं चालत’ असं वाचून खोली घेतली होती. खोली छान होती, पण खिडकीखाली खानावळीची टेबलं मांडलेली. रात्री दीडच्या सुमारास लोखंडी खुर्च्या फरशीवरून ओढत आणायचे, एकीवर एक रचायचे आणि मग त्यांच्या पायांतून साखळी ओवून कुलूप लावायचे. ती साखळी सरकल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटे सहाला काचेच्या बाटल्यांचा डबा गाडीत रिकामा व्हायचा. आई तक्रार करत नाही. पण चौथ्या दिवशी संग्रहालयात, जी चित्रं बघायला ती मुद्दाम आली होती त्यांच्यासमोरच, बाकावर बसल्या बसल्या तिला झोप लागली. मला फार लागलं ते. निवड माझी होती.

म्हणून या वेळी नीट विचारून ठरवायचंय. शांत भाग, आजूबाजूला पायी फिरता येईल असा, आणि बस-ट्राम जवळ. नुसती भागांची नावं सांगू नका, तुम्ही कसं ठरवता तेही सांगा, म्हणजे पुढच्या वेळी माझं मलाच जमेल.

रूळांवरून

प्रागपुरतं सांगतो, तिथे तीनदा राहिलोय.

जुन्या शहराच्या चौकाजवळ राहू नका, विशेषतः द्लोउहा रस्त्याच्या आसपास. तिथे बार खूप आहेत आणि लोक रात्रभर गटागटाने फिरतात. हा त्रास इतका वाढला की 2024 मध्ये प्रागच्या महापालिकेने रात्री दहा ते पहाटे सहा या वेळात गाइडसोबत बारमधून बारमध्ये नेणाऱ्या सहलींवर बंदी घालायचं ठरवलं. पण स्वतःहून फिरणाऱ्यांना कोण अडवणार?

विनोह्राडी किंवा लेतना, दोन्ही चांगले. काकूंसाठी मी लेतना म्हणेन. ते नदीच्या वरचं पठार आहे. एकदा वर पोचलात की सगळं बऱ्यापैकी सपाट, एका बाजूला लेतनाची बाग, दुसरीकडे स्ट्रोमोव्का हे मोठं उद्यान, आणि ट्रामही आहेत. फक्त नकाशात बागेतून नदीकडे उतरणारी वाट जवळची दिसते, तिच्या मोहात पडू नका. तो चांगलाच उतार आहे. जाता-येता दोन्ही वेळा ट्रामच घ्या.

पायी_पायी

माझे बाबा गेली तीन वर्षं काठी घेऊन चालतात आणि आम्ही तेव्हापासून दरवर्षी एकत्र फिरतोय. तुमची संग्रहालयातली गोष्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी आता भाग निवडून थांबत नाही. भाग ठरला की गल्ली ठरवते, आणि गल्ली ठरली की खिडकी. कारण एकाच भागात पन्नास पावलांवरच्या दोन घरांत झोपेचा जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

व्हिएन्नाचं उदाहरण घ्या. तिथे दोन वर्तुळं लक्षात ठेवायची. आत रिंगस्ट्रासं, म्हणजे जुना तट पाडून केलेला रस्ता. तो पाडायचा हुकूम 1857 चा. बाहेर ग्युर्टेल, तोही बाहेरच्या तटबंदीच्या जागेवर आलेला. या दोन्हींच्या मधे जुनी उपनगरं आहेत, 1850 मध्ये शहरात सामील झालेली. मोटारी यायच्या कितीतरी आधी वसलेली, त्यामुळे दुकानं, शाळा, बाग सगळं माणसाच्या पावलांच्या अंतरावर. आम्ही आठव्या जिल्ह्यात राहिलो, योसेफश्टाट. शहरातला सगळ्यात लहान जिल्हा, जेमतेम एक चौरस किलोमीटर. पण तिथेही मुख्य रस्त्यावरून दोन नंबरची ट्राम जाते, आणि त्या ग्युर्टेलवर गाड्यांची रीघ असते. आम्ही मागच्या गल्लीत खोली घेतली आणि बुक करतानाच ‘होफझाइटिग’ मागितली. म्हणजे आतल्या चौकाकडे उघडणारी. चौकात चेस्टनटचं झाड, त्याच्या बुंध्याशी सायकली. रात्री खिडकी सताड उघडी टाकून झोपलो आणि आवाज म्हणाल तर अकराच्या सुमारास कुणीतरी सायकलचं स्टँड लावल्याचा. बाबा सकाळी सातपर्यंत झोपले. घरीसुद्धा झोपत नाहीत इतके.

खिडकी उघडी टाकण्यावर एवढा भर देतेय त्याला कारण आहे. तिथल्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा एसी नसतो. जाड भिंती, दुहेरी काचा, त्यामुळे खिडकी बंद असली की आवाज येत नाही, हे खरं. पण गरम झालं की खिडकी उघडावी लागते, आणि मग दुहेरी काचेचा उपयोग शून्य. सप्टेंबरच्या शेवटी कमी, पण उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आता गल्ली कशी शोधते ते. युरोपीय संघाचा 2002 चा एक निर्देश आहे. त्यानुसार एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरी भागांना आवाजाचे नकाशे करावे लागतात आणि दर पाच वर्षांनी नवे करावे लागतात. तुमची चारही शहरं त्यात येतात. नकाशे सगळ्यांना खुले असतात. त्यात रात्रीचा थर वेगळा असतो, तोच बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने 2018 मध्ये रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी रात्रीची शिफारस 45 डेसिबलच्या आत अशी केली आहे. शहरात ते मिळणं कठीण, पण दोन गल्ल्यांची तुलना चटकन होते.

मात्र हे नकाशे वाहतूक, रेल्वे, विमानं आणि कारखाने दाखवतात. माणसं दाखवत नाहीत. तुमच्या खुर्च्या त्यात कधीच दिसल्या नसत्या. बार्सिलोनातला ग्रासिया हा भाग बघा. 1897 पर्यंत ते वेगळं गाव होतं, अरुंद गल्ल्या, छोटे चौक, गाड्या कमी. नकाशावर अगदी गुणी बाळ. पण तिथल्या प्लासा देल सोल या चौकात लोक रात्री उशिरापर्यंत जमिनीवर बसून गप्पा मारतात, आणि वर राहणारे रहिवासी वर्षानुवर्षं त्रासलेले आहेत. ग्रासियातच राहायचं तर चौकापासून दोन-तीन गल्ल्या लांब. माणसांचा आवाज शोधायला मी अभिप्रायांत तिथल्या भाषेतला शब्द टाकते: जर्मनमध्ये ‘लाउट’, स्पॅनिशमध्ये ‘रुइदो’, चेकमध्ये ‘ह्लुक’, पोर्तुगीजमध्ये ‘बारूल्यू’. त्या देशातलेच प्रवासी फार मोकळेपणाने लिहितात. आणि जागेच्या वर्णनात ‘कानात घालायचे बोळे ठेवले आहेत’ असं असेल तर ती जागा मी तिथल्या तिथे सोडून देते.

आता मजल्यांचं, आणि हे नीट वाचा, कारण इथे मी बाबांना त्रास दिलाय. बार्सिलोनात ‘दुसरा मजला, लिफ्ट नाही’ असं लिहिलेलं घर घेतलं. म्हटलं दोन जिने, हळूहळू चढू. तिथल्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर ‘एन्त्रेसुएलो’ असतो, त्यावर ‘प्रिन्सिपाल’, आणि मग कुठे ‘पहिला’. म्हणजे आमचा दुसरा मजला प्रत्यक्षात चौथा निघाला. बाबांनी पायऱ्या मोजल्या, 84. रोज एकदाच खाली उतरायचे आणि संध्याकाळी वर आले की परत नाही. व्हिएन्नातही ‘होखपार्टेर’ आणि ‘मेझानिन’ असे दोन जास्तीचे मजले असू शकतात. म्हणून ‘कितवा मजला’ असं विचारूच नका. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या, असं विचारा. लिफ्ट असली तरीही विचारा, कारण लिफ्टच कधी कधी सहा-सात पायऱ्या चढून सुरू होते.

शेवटचं, बाक. जागा पक्की करण्याआधी मी घरापासून ट्रामच्या थांब्यापर्यंतचा रस्ता स्ट्रीट व्ह्यूवर चालून बघते आणि बाक मोजते. बाबांना दर तीनशे-चारशे मीटरवर एक लागतो. बार्सिलोनात एशाम्प्ल भागातला कोन्सेल दे सेंत हा रस्ता 2023 मध्ये पादचाऱ्यांसाठी मोकळा केला, झाडं आणि बाक भरपूर आहेत. त्या रस्त्यावर खोली घेऊ नका, संध्याकाळी तिथे गजबज असते. त्याला टेकून असलेल्या शांत आडव्या रस्त्यावर घ्या. आरागो रस्ता मात्र टाळाच, तिथे गाड्यांचे बरेच पट्टे आहेत.

तेजोच्या_काठी

पायी_पायी यांचं सगळं पटलं, एक सोडून. आतल्या चौकाकडची खिडकी नेहमीच शांत असेल असं धरून चालू नका. एशाम्प्लमध्ये बऱ्याच घरांची एसीची यंत्रं त्याच बाजूला असतात, आणि चार भिंतींत आवाज घुमतो. समोरच्या घरातला फोनवरचा संवाद मी शब्दन् शब्द ऐकलाय. म्हणून चौक मोठा आहे का, हे उपग्रहाच्या चित्रात बघा. मोठ्या मोकळ्या चौकात आवाज विरतो, विहिरीसारख्या अरुंद चौकात तो वर चढतो.

लिस्बनमध्ये मी तीन वर्षं राहिले आहे. तिथे आवाजाआधी उताराचा विचार करा. आल्फामा सुंदर आहे, बघायला जरूर जा, पण राहायला नको. पायऱ्या संपत नाहीत. आणि लिस्बनच्या पदपथांवर त्या लहान लहान चुनखडीच्या दगडांची फरशी असते, लाखो पावलांनी गुळगुळीत झालेली. पावसाची सर आली की तिच्यावर माझाही पाय दोनदा सटकलाय, आणि माझे गुडघे धड आहेत. काकूंसाठी रबरी तळव्याचे, चांगली पकड असलेले बूट घ्या, आणि निघायच्या आधी महिनाभर वापरून रुळवा. बाइरो आल्तोचं नाव काढू नका, तिथे रात्र रस्त्यावरच असते.

मी कांपु द औरीकमध्ये राहायला सांगेन. टेकडीच्या माथ्यावरचं पठार, सरळ रेषेत आखलेले रस्ते, मधोमध जार्दिं द पारादा ही लहानशी बाग. दुपारी तिथे म्हातारी माणसं पत्ते खेळत असतात, बाकांना तोटा नाही. 28 नंबरची प्रसिद्ध ट्राम तिथेच, प्राझेरेशला संपते. म्हणजे सकाळी लवकर गेलात तर सुरुवातीच्या थांब्यावरून काकूंना बसायला जागा मिळेल. मधल्या थांब्यांवर ती खच्चून भरलेली असते. मेट्रो त्या भागात नाही, पण बस बऱ्याच.

आव्हेनिदाश नोव्हाश हा भागही सपाट आणि मेट्रोजवळ. पण लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे आणि विमानं घरांच्या माथ्यावरून उतरतात. खोली बघाल तेव्हा फ्लाइटरडारवर, म्हणजे विमानांचे मार्ग नकाशावर दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, उतरायची रेघ कुठून जाते तेही बघा.

दोन_बॅगा

किती आभार मानू तुम्हा सगळ्यांचे. काल रात्री आईला शेजारी बसवून हा सगळा धागा वाचून दाखवला. 84 पायऱ्यांपाशी तिने मला थांबवलं आणि म्हणाली, ‘त्यांच्या बाबांना आता बरं आहे ना, विचार.’ तर विचारते, बाबा कसे आहेत?

लिस्बन ठरलं, कांपु द औरीक. घरमालकाला पायऱ्या विचारल्या, त्याने दारापासून पलंगापर्यंत मोजून नऊ कळवल्या. बार्सिलोनात एशाम्प्लमध्ये दोन जागा समोर आहेत, दोन्हींना लिफ्ट. एकीचा चौक खरंच विहिरीसारखा दिसतोय, ती सोडते. प्रागला लेतना बघतेय. व्हिएन्नात योसेफश्टाटमध्ये एक खोली आवडली आहे, पण ती रस्त्याकडची की चौकाकडची हे वर्णनावरून कळत नाही. काय करू?

पायी_पायी

बाबा छान आहेत, काकूंना नमस्कार सांगा. या वर्षी आम्ही बेल्जियममधल्या गेंटला जायचं म्हणतोय, तिथे शहराचा मध्य बराचसा गाड्यांविना आहे.

खोलीचं सोपं आहे. मालकाला लिहा की रात्री अकरा वाजता खिडकी उघडून मिनिटभराचा व्हिडिओ पाठवा, शुक्रवारी किंवा शनिवारी. सोबत आईची झोप सावध आहे हेही लिहा. मी तीनदा असं मागितलंय आणि तीनदा मिळालंय. जो पाठवायला टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाऊ नका. रविवारचा व्हिडिओ घेऊ नका. व्हिएन्नात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, त्या दिवशी कुठलाही रस्ता शांतच वाटतो.

दोन_बॅगा

व्हिडिओ आला! शनिवारी रात्री 11 वाजून 10 मिनिटांचा. आईने चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि फोन कानाशी धरून दोनदा ऐकला. म्हणाली, ‘ट्राम आहे, पण लांबून जातेय. चालेल.’

खोली बुक केली.