एका मशीनवर एकच व्हर्जन मॅनेजर ठेवा, बाकीचे मुळासकट काढा

घाटमाथा:
व्हर्जन मॅनेजर म्हणजे नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), रुबी वगैरेंची अनेक व्हर्जनं एकाच मशीनवर ठेवून हवं ते निवडून देणारं टूल. टीममध्ये नवीन आलेल्या मुलाच्या मॅकवर गेला आठवडाभर बिल्ड (कोडपासून ॲप तयार करणं) फेल होत होता. एरर अशी: 'बेटर-एसक्यूलाइट३' हे मॉड्यूल नोड मॉड्यूल व्हर्जन १०८ साठी कंपाइल झालंय, चालू नोडला ११५ हवं. १०८ हा नोड १८ चा आकडा, ११५ नोड २० चा. म्हणजे इन्स्टॉल नोड १८ ने झालं आणि बिल्ड नोड २० ने चालला. शोधलं तेव्हा कारण सापडलं. टर्मिनलमध्ये झेडशेल (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम), त्यात एनव्हीएम हा नोडचा मॅनेजर लोड होतो आणि तो डॉट-एनव्हीएमआरसी ही व्हर्जन लिहिलेली फाइल वाचून १८ देतो. बिल्डची स्क्रिप्ट मात्र बॅश या दुसऱ्या शेलमध्ये, लॉगिन शेल म्हणून चालते. ती बॅश-प्रोफाइल ही शेलची सेटिंग फाइल वाचते, तिथे एएसडीएफच्या (अनेक भाषांचा मॅनेजर) ओळी आहेत आणि प्रोजेक्टमधल्या डॉट-टूल-व्हर्जन्समध्ये २० लिहिलंय. पोरगं बिचारं टर्मिनलमध्ये दर वेळी 'नोड -व्ही' (व्हर्जन दाखवणारी कमांड) मारून १८ बघत होतं आणि सगळं बरोबर आहे असं समजत होतं.

माझं मत ठाम आहे. टीमने एक मॅनेजर ठरवावा, बाकीचे सगळ्यांच्या मशीनवरून काढायला लावावेत. 'ज्याला जे आवडेल ते वापरा' ही मोकळीक शेवटी नवीन माणसाच्या बोकांडी बसते.

चहाकट्टा:
सहमत नाही. तुमच्या उदाहरणात दोष मॅनेजरांचा नाहीच, एकाच रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या फोल्डरात) दोन फाइली दोन व्हर्जनं सांगतायत त्याचा आहे. टूल-व्हर्जन्समधली नोडची ओळ काढा आणि एएसडीएफच्या सेटिंगमध्ये 'लेगसी व्हर्जन फाइल' चालू करा, ते एनव्हीएमआरसी वाचायला लागेल. झालं काम.

मी रुबीला आरबीएन्व्ह, पायथनला पायएन्व्ह आणि नोडला एनव्हीएम वापरतो. तिघांची भाषा वेगळी, त्यामुळे भांडण होत नाही. एकाच भाषेवर दोघे बसले तरच वांधे.

जुनाजाणता:
@चहाकट्टा, फाइल एक केली म्हणून सुटत नाही. रुबीवाल्यांनी हे भोगलंय. आरव्हीएम आणि आरबीएन्व्ह दोन्ही रुबीचे मॅनेजर; आरव्हीएम आधीचं, आरबीएन्व्ह २०११ चं. आरबीएन्व्ह पाथच्या (शेल जिथे प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीच्या) सुरुवातीला शिम्सचा (योग्य व्हर्जनकडे वळवणाऱ्या छोट्या स्क्रिप्टांचा) फोल्डर लावतं आणि गप्प बसतं. आरव्हीएम शेल फंक्शन म्हणून लोड होतं, 'सीडी' कमांडच स्वतःकडे घेतं, वर जेम (रुबीची पॅकेजं) कुठे ठेवायची-शोधायची हे सांगणारे जेम-होम आणि जेम-पाथ हे व्हेरिएबल सेट करतं. आता रुबी आरबीएन्व्हची आणि जेम-होम आरव्हीएमचं, अशी स्थिती आली की जेम एका रुबीने कंपाइल होतात आणि दुसरी रुबी त्या उचलायला जाते. नोकोगिरीसारखी सी एक्स्टेन्शनवाली (आत सी भाषेतला कंपाइल केलेला कोड असलेली) जेम तिथेच मान टाकते. पाथमधल्या ओळी कितीही खालीवर करा, जेम-होम तसंच राहतं. आरबीएन्व्हवालेच सांगत आलेत की आधी आरव्हीएम काढा.

आणि काढणं म्हणजे नुसतं 'आरव्हीएम इम्प्लोड' (त्याची स्वतःला काढून टाकणारी कमांड) नव्हे. झेडएसएचआरसी, बॅश-प्रोफाइल आणि साधी डॉट-प्रोफाइल, तिन्हीतल्या ओळी हाताने पुसा. नवीन टर्मिनल उघडा, 'एन्व्ह' (सेट असलेली व्हेरिएबल दाखवणारी कमांड) च्या आउटपुटमध्ये आरव्हीएम शोधा. एकही ओळ सापडली तर ते गेलेलं नाही.

रात्रपाळी:
या वादातच पडायचं कशाला? डॉकरमध्ये डेव्ह कंटेनर (होस्टपासून, म्हणजे आपल्या मशीनपासून, वेगळी बंदिस्त जागा) करा, व्हर्जन इमेजमध्ये (त्या जागेच्या साच्यात) पक्कं. होस्टवर दहा मॅनेजर असले तरी बिल्डला पत्ता लागणार नाही.

८जीबीवाली:
@रात्रपाळी ताई/दादा, माझ्याकडे ८ जीबी रॅमचा मॅक आहे. डॉकर त्यावर आतल्या आत लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवतं. ती, एडिटर आणि ब्राउझर एकदम उघडे ठेवले की मशीन रडायला लागतं. शिवाय होस्टवरचं नोड-मॉड्यूल्स (इन्स्टॉल झालेल्या पॅकेजांचा फोल्डर) तसंच कंटेनरमध्ये माउंट केलं तर 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' येतो, कारण आतल्या बायनरी (कंपाइल झालेल्या फाइली) मॅकच्या असतात, लिनक्सच्या नव्हेत. म्हणजे दुखणं तेच राहिलं. आयओएसचं ॲप असेल तर एक्सकोडसाठी (ॲपलचं ॲप बनवायचं टूल) मॅकवरच यावं लागतं, तिथे कंटेनर काय करणार?

घाटमाथा:
@चहाकट्टा, भाषेला एक मॅनेजर, इतपत मान्य. पण टीमसाठी मी तरीही एकच म्हणेन. तीन टूल म्हणजे शेलच्या फाइलींत तीन जागी ओळी, आणि नवीन माणसाला यातली कुठली ओळ कुठल्या शेलमध्ये वाचली जाते हे पहिल्या दिवशी माहीत नसतं. आमच्याकडे आता फक्त एएसडीएफ आहे. पॅकेज-जेसनमध्ये 'इंजिन्स' (नोडचं कुठलं व्हर्जन हवं ते) लिहिलंय आणि एनपीएमआरसीत (एनपीएम या पॅकेज इन्स्टॉलरच्या सेटिंगमध्ये) 'इंजिन-स्ट्रिक्ट' चालू केलंय, म्हणजे व्हर्जन जुळलं नाही तर ते अडवतं.

चहाकट्टा:
इंजिन-स्ट्रिक्ट चांगलंच, पण ते इन्स्टॉलच्या वेळी तपासतं. 'एनपीएम रन' करताना कोणी विचारत नाही, आणि तुमचा बिल्ड फुटला तो नेमका तिथे. टूल कुठलंही ठेवा, बिल्ड स्क्रिप्टच्या पहिल्या दोन ओळींत 'टाइप -ए नोड' (कुठल्या फोल्डरातला नोड चालतोय ते) आणि 'नोड -व्ही' छापा, व्हर्जन जुळलं नाही तर तिथेच थांबवा. टर्मिनलमध्ये नाही, स्क्रिप्टच्या आत. त्या मुलाला १८ दिसत होतं ते टर्मिनलमधलं होतं.

जुनाजाणता:
+१. व्हर्जन बदलल्यावर नोड-मॉड्यूल्स पूर्ण उडवून पुन्हा इन्स्टॉल करा. 'एनपीएम रीबिल्ड' (मॉड्यूलं चालू नोडसाठी पुन्हा कंपाइल करणं) मारून तेवढ्यापुरतं चालतं, पण दोन मॅनेजर तसेच असतील तर पुढच्या वेळी उलट्या बाजूने फुटतं: स्क्रिप्ट चालते आणि टर्मिनलमधून चालवलं की फुटतं.